गवारीची चीर शोधायला हैदराबादला

हैदराबादला जाऊन आलेली माणसं चारमिनार, मोती आणि बिर्याणी याबद्दल सांगतात. आम्ही चारमिनार पाहिला नाही, मोती घेतले नाहीत आणि बिर्याणीच्या बाबतीत जे घडलं ते त्या हॉटेलातल्या वेटरने अजून विसरलेलं नसणार. आम्ही गेलो होतो माझ्या भावाच्या मेंदूचा फोटो काढायला. त्याच्याबरोबर माझ्याही मेंदूचा निघाला, पण त्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं.

माझा मोठा भाऊ श्रीधर. मी त्याला दादा म्हणते. तो सांगलीत पाटबंधारे खात्यात कालव्यांचे नकाशे करतो आणि आईजवळ राहतो. मी लग्न होऊन त्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे गेले, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आपलंच आहे असं मी धरून चालते. चाळिशी उलटल्यावर एका डॉक्टरांनी त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं. तोवर आम्ही त्याला तऱ्हेवाईक म्हणत होतो. ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात हे मी त्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर तो म्हणाला, "मी स्वतःत कुठे मग्न असतो? मी बहुतेक वेळा पंप हाउसच्या विचारात असतो." 

आता गवारीचं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. दादा आईच्या पोटात होता तेव्हा ते मोठं सूर्यग्रहण झालं. भर दुपारी रस्ते ओस पडले होते, लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू नये, नाहीतर बाळाला चीर पडते, हे घरातल्या प्रत्येकाने आईला बजावलं होतं. आणि आईने नेमकी गवार चिरली. का चिरली? कंटाळा आला म्हणून. माझ्या वडिलांच्या बहिणीने, म्हणजे आमच्या आत्याने, तिला विळीवर रंगेहाथ पकडलं. दादा जन्मला तो कान, नाक, ओठ सगळं शाबूत घेऊन. झालं ना मग? नाही. तो चार वर्षांचा होईस्तोवर नीट बोलेना, तेव्हा आत्याने निकाल दिला, "बाहेर नाही ना, म्हणजे चीर आत पडली. डोक्यात." त्या दिवसापासून आमच्या घरात गवार आली नाही. आई यावर कधी बोलली नाही. बाजारात गवारीचा ढीग दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची, एवढंच.

हैदराबादच्या एका संस्थेला ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांचे मेंदू पाहायचे होते आणि तुलनेसाठी त्यांची सख्खी भावंडं हवी होती. दादाने हे कुठेतरी वाचलं, स्वतःच कळवलं आणि मग मला सांगितलं. मी विचारलं, "तुला कशाला हवंय हे?"

"आत्या म्हणते आत चीर आहे. आई रस्ता ओलांडते. तू म्हणतेस काहीतरीच काय. कोणी पाहिलेलं नाही," दादा म्हणाला. "ज्याने आत पाहता येतं असं यंत्र आता आहे. मग पाहावं. नसली तर आईला सांगता येईल."

मी बॅग भरली.

नामपल्ली

प्रवासाचं फार सांगत नाही. दादाला खिडकी मिळाली, मला दादाला सतत काही हवं का विचारायचं काम मिळालं आणि पुण्यापुढे त्याने मला "तू थोडा वेळ काही विचारू नकोस" असं सांगितलं. मी ते थोडा वेळ पाळलं.

नामपल्लीला उतरलो तर ऊन असं की रुळांवरून वाफा निघाव्यात. स्टेशनाबाहेर इराणी चहा प्यायलो. चहा दाट, गोड, आणि बरोबर तोंडात विरघळणारं खारट-गोड बिस्किट. दादाने बिस्किट चहात बुडवायला साफ नकार दिला. दोन चांगल्या वस्तू एकमेकींत घालून दोन्ही का बिघडवायच्या, असं त्याचं तत्त्व आहे.

हेच तत्त्व घेऊन आम्ही बिर्याणीला सामोरे गेलो. ताट आल्यावर दादाने शांतपणे कामाला सुरुवात केली. पांढरा भात एकीकडे, केशरी भात दुसरीकडे, मटण तिसरीकडे, तळलेला कांदा चौथीकडे. मसाल्याचा प्रत्येक खडा ताटाच्या कडेला ओळीने. वेटर म्हातारा होता, पांढरी दाढी, खांद्यावर फडकं. तो येऊन उभा राहिला आणि ताटाकडे बघत राहिला.

"कायकू अलग करते साब?" शेवटी तो म्हणाला. "उस्ताद ने इत्ती मेहनत से मिलाया है!"

"मिलाया नाही है," दादा म्हणाला. "थर दिये हैं. मैं फक्त थर वापस कर रहा हूँ."

वेटरने माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. तो आत गेला आणि आतून एकेक करून तिघेजण दारात येऊन पाहून गेले. दादाने मात्र शीत न शीत संपवलं आणि "भात उत्तम शिजला होता" असा निरोप आत पाठवला, तेव्हा कुठे वातावरण निवळलं.

विद्यानगर

आत्या हैदराबादेतच, विद्यानगरला राहते. जुन्या विद्यापीठाच्या बाजूचा हा भाग, झाडं बरी, गल्ल्या शांत. तिचं सासर परभणीकडचं शेतकरी घराणं, निजामाच्या काळापासून हैदराबादेत पाय रोवून असलेलं. एवढ्या वर्षांत आत्याच्या भाषेची जी खिचडी झालीय ती दादाने कधी वेगळी करायचा प्रयत्न केला नाही, हे नशीब.

"आलात का? हौ, या या. किती वाळलास रे श्रीधर! मंजू, तू नक्को वाळू, तू हाय तशी बरी हायेस," असं तिने स्वागत केलं.

जेवायला अंबाडी होती. आमच्याकडे अंबाडीच्या भाजीत कण्या घालतात आणि भाकरीशी खातात. इथे तिला गोंगुरा म्हणतात, तेलात लाल मिरच्यांबरोबर परततात आणि गरम भातावर घालतात. पहिल्या घासाला माझ्या कानातून धूर निघाला. दादाने भात खाल्ला, मग गोंगुरा खाल्ला, मग पाणी प्यायला, आणि त्याच्या कानांना काही झालं नाही.

येण्याचं कारण कळल्यावर आत्या खूश झाली. इतकी वर्षं तिच्या निकालाला पुरावा मिळाला नव्हता. "मी बी येते," ती म्हणाली. "दावते त्या डॉक्टरला कुठं बघायचं ते." 

मला राग आला होता, तो मी गोंगुऱ्याबरोबर गिळला. माझ्या आईने तिच्या एका वाक्यापायी आयुष्यभर रस्ते ओलांडलेत, आणि ही हौसेने लुगडं निवडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर भाजीची गाडी आली. "गवार की फल्ली! ताजी गवार की फल्ली!" आत्या आणि मी दोघी एकदम दचकलो, घरात पोलीस आल्यासारख्या. दादा चप्पल घालून खाली गेला. गाडीवाल्याला त्याने विचारलं, "ये गवार है?"

"हौ साब."

दादाने एक शेंग उचलली, उजेडात धरली, वाकवून पाहिली. आरोपीला तो पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होता. "मला वाटलं होतं मोठी असते," असं म्हणून त्याने ती शर्टाच्या खिशात ठेवली. गाडीवाल्याला एक शेंग विकायची सवय नव्हती, त्याने ती तशीच देऊन टाकली.

यंत्र

संस्थेत आम्हाला लावण्या मॅडम भेटल्या. तरुण, उंच, केसांत मोगरा, आणि तेलुगू वळणाची हिंदी. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. चुंबकाचं यंत्र आहे, दुखत नाही, आवाज फार होतो, अंगावर धातू चालत नाही, आणि हलायचं नाही.

धातू! माझ्या अंगावर किती सेफ्टी पिना आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ओढणीला, बांगडीत अडकवलेल्या, पर्सच्या आतल्या कप्प्यात, आणि एक अशा जागी की ती तिथे का होती हे मला आजही आठवत नाही. तंत्रज्ञ भला माणूस होता, ट्रे पुढे धरून तोंड फिरवून उभा राहिला. मग आलं मंगळसूत्र.

"ते नक्को काढू!" आत्या ओरडली. 

"आत्या, काढावंच लागतं."

आत्या तयारीनिशी आली होती. तिने कमरेच्या पिशवीतून दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढलं आणि माझ्या गळ्यात घातलं, मग मंगळसूत्र काढू दिलं. तंत्रज्ञ वाकून पाहत म्हणाला, "ये क्या है अम्मा?"

"हल्दी," आत्या म्हणाली. "लोहा नक्को बोले ना तुम? लोहा नहीं है."

त्याने लावण्या मॅडमकडे पाहिलं. त्यांनी हळकुंड चिमटीत धरून पाहिलं, वास घेतला आणि मान डोलावली. मग दादाची पाळी आली. त्याने घड्याळ, पट्टा, किल्ल्या ट्रेमध्ये एका ओळीत ठेवल्या, आणि शेवटी शर्टाच्या खिशातून गवारीची शेंग काढून त्या ओळीत ठेवली.

"ये…?" तंत्रज्ञ म्हणाला.

"पुरावा," दादा म्हणाला. "बाद में लगेगी."

दादा यंत्रात गेला. मी काचेपलीकडे जीव मुठीत धरून उभी होते. त्याला गर्दी सोसत नाही, लग्नातला बँड सोसत नाही, कुकरच्या शिट्टीला तो घराबाहेर जातो. आणि हे यंत्र म्हणजे ठोकाठोक, खडखड, घरघर, भांड्यांच्या गल्लीत भूकंप व्हावा तसं. मी मनातल्या मनात सगळे देव बोलावले. दादा दगडासारखा पडून होता. बाहेर आला तो ताजातवाना होऊन.

"त्रास नाही झाला?" मी विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला. "ते एका वेळी एकच गोष्ट बोलतं, आणि ती पुन्हा पुन्हा बोलतं. माणसांनी असं करायला हवं."

मग साधारण मेंदूची बहीण आत गेली. मला निजवलेली पट्टी सरकली, छत नाकाशी आलं, आणि माझ्या नाकाला खाज सुटली. मी खाजवलं. आतल्या स्पीकरमधून आवाज आला, "अम्मा, हिलना नक्को." मला अम्मा म्हणण्याइतकी मी म्हातारी नाही, हे मी त्याला सांगितलं. "बोलना भी नक्को अम्मा." ठोकाठोक सुरू झाली तशी मी दचकले. मग शिंक आली. मग आपण शिंकलो याचं हसू आलं, आणि एकदा हसू आलं की ते थांबत नाही हा आमच्या माहेरचा वारसा आहे. पुन्हा पट्टी बाहेर, पुन्हा आत. असं किती वेळा झालं ते मी सांगणार नाही. दादा काचेपलीकडून मला धीर देत होता असं आत्या म्हणते. दादा म्हणतो, तो फक्त यंत्र पाहत होता.

दोन फोटो

संध्याकाळी लावण्या मॅडमनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. दोन फोटो शेजारी शेजारी. एक रेखीव, प्रत्येक घडी स्वच्छ. दुसरा जरा धूसर, कडेने लाटा उठल्यासारखा.

आत्याने धूसर फोटोपुढे पदर डोळ्याला लावला. "बघ की मंजू, काय हाल झालेत लेकराचे. मी म्हटलंच होतं."

"वो इनका नहीं है अम्मा," लावण्या मॅडम माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "वो इनका है. बहुत हिले ना."

दादाने दोन्ही फोटो नीट पाहिले आणि म्हणाला, "मंजे, तुझ्या कालव्यांना पूर आलाय."

पण आत्या अशी हार मानणारी नव्हे. ती खुर्चीवरून उठली, चष्मा पुसला आणि दादाच्या फोटोवर मधोमध बोट ठेवलं. "आणि ही? ही काय हाय मग? सरळ उभी चीर! विळीनं कापल्यासारखी!"

खरंच होती. पुढून मागे, अगदी मधोमध, खोल काळी रेघ. दादाने ट्रेमधली शेंग आणली होती, ती त्याने टेबलावर ठेवली आणि लावण्या मॅडमना सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. ग्रहण, विळी, गवार, आई. एकही गोष्ट न वगळता, आवाज न चढवता. मग विचारलं, "ये चीर उसकी है क्या?"

त्या हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. "ये सबको रहती है जी," त्या म्हणाल्या. "दिमाग के दो हिस्से हैं, बीच में ये जगह. इनको भी है, देखिए." माझ्या धूसर फोटोतही मधोमध तीच रेघ होती. "मेरे को भी है. आपको भी है अम्मा."

"मला?" आत्या मटकन खाली बसली. "माझ्या आईनं तर सगळी ग्रहणं पाळली!"

"कदाचित आजीलाही कंटाळा आला असेल," दादा म्हणाला.

मग मी विचारलं, की फरक नसतोच तर एवढा खटाटोप कशाला? त्या म्हणाल्या, फरक असतात, पण बारीक. कुठे एखादा भाग थोडा जाड, कुठे थोडा लहान, आणि तेही पुष्कळ माणसांची सरासरी काढली तर दिसतात. एकेकटा फोटो पाहून कोणाला ऑटिझम आहे आणि कोणाला नाही हे त्यांनाही सांगता येत नाही. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, पण इथे एका शितावरून काही कळत नाही, हंडाच्या हंडा लागतो. दादा ज्या पद्धतीने भात वेगळा करतो त्या पद्धतीने त्या माणसांचे मेंदू वेगळे करून पाहतायत, असं मला वाटलं आणि मी ते बोलले. दादाला हे फार आवडलं.

"और गवार?" त्याने विचारलं. मुद्दा तो कधी सोडत नाही.

"गवार से कुछ नहीं होता," लावण्या मॅडम म्हणाल्या. "ग्रहण से भी नहीं. आपका दिमाग पेट में ही ऐसे बनने लगा, बहुत कुछ खानदान से आता है. माँ ने कुछ काटा, कुछ खाया, उसका इससे कोई वास्ता नहीं."

"तुम्ही हे आईला सांगाल?" दादा एकदम मराठीतच बोलला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण मग मला रडू आलं असतं.

त्यांना भाषांतर न करताही कळलं. आम्ही फोन लावला आणि टेबलावर ठेवला. आईची सांगलीची हिंदी नेहमी जोरात असते, ती त्या दिवशी अगदी हळू आली. "डॉक्टर, मैंने गवार चिरी थी. ग्रहण में."

"कापी थी, बोल रहे," आत्याने भाषांतर केलं.

"मालूम है अम्मा," लावण्या मॅडम म्हणाल्या. "उससे कुछ नहीं हुआ. आपकी कोई गलती नहीं."

मग आत्या पुढे सरकली. माझी ही आत्या, जिने उभ्या जन्मात 'माझं चुकलं' हा शब्द उच्चारला नाही, तिने फोनच्या जवळ तोंड नेलं. "वहिनी, ती चीर सगळ्यांनाच असती म्हणे. माझ्यात बी हाय." मग म्हणाली, "मी बोलायला नको होतं. इतकी वर्षं उगी बोलले."

"असू द्या वन्सं," आई म्हणाली. आणि मग, "पोरं जेवली का?"

दिलसुखनगर आणि परत

शेवटच्या दिवशी आत्याने आम्हाला दिलसुखनगरला नेलं. बांगड्या, साड्या, क्लासेसच्या पाट्या आणि माणसांचा लोंढा. दादा कानात कापूस घालून आत्याच्या मागे मागे चालला आणि आईसाठी कोणती साडी घ्यायची यावर मीच जास्त घोळ घातला. आत्याने दुकानदाराला सांगितलं, "परसों एक निळी होती ना तुमच्याकडं, ती दाव." दादाने चौकशी केली तेव्हा ती साडी पुष्कळ वर्षांपूर्वीची निघाली. हैदराबादेत होऊन गेलेल्या सगळ्या गोष्टी परसोंच होतात असं त्याला कळलं, आणि ही सोय सांगलीतही असावी असं त्याचं मत झालं. साडीचे पैसे आत्याने आम्हाला देऊ दिले नाहीत.

सांगलीत पोचलो. दारातच एक ओळखीचा नसलेला वास आला. दादाने मेंदूचा फोटो आईला दिला. तिने तो उलटा धरला, सुलटा केला, आणि म्हणाली, "कालवेच दिसतायत की रे तुझे." मग हात धुवायला सांगितलं.

ताटं वाढलेली होती. भाकरी, आमटी, आणि एका कोपऱ्यात हिरवीगार गवारीची भाजी, गूळ आणि दाण्याचं कूट घालून. आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दादाकडे पाहिलं. दादाने एक तुकडा तोंडात घातला, चावला, गिळला.

"कडू आहे," तो म्हणाला. "मला आवडली नाही. एवढी वर्षं केली नाहीस ते बरोबरच होतं."

आई हसायला लागली. आमच्या माहेरचं हसू, एकदा आलं की थांबत नाही ते. हसता हसता तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "नको खाऊस. तुझ्यासाठी नाहीच केली. मला फार आवडते."

हे आम्हाला माहीत नव्हतं. दोघांनाही. दादाने थोडा विचार केला आणि आपल्या ताटातली गवार, आमटीचा थेंबही न लागलेली, चमच्याने उचलून तिच्या ताटात वाढली. आईने ती खाल्ली आणि मग पातेलंच पुढ्यात ओढलं.